चार वर्षांच्या मुलीला सामान आणायला सोबत नेते. जाता-येता तिला थोडं गणित कसं शिकवू?

वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणता येणं वेगळं आणि वस्तू मोजता येणं वेगळं. म्हणून तिच्या हाताला काम द्या. "पाच फळं पिशवीत टाक" म्हणा आणि एका फळाला एक आकडा, असं सावकाश होऊ द्या. टाकून झाली की लगेच विचारा, "एकूण किती झाली?" ती पुन्हा एकपासून मोजू लागली, तर शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे तिला अजून उमगलेलं नाही. चुकलं म्हणू नका, सोबत परत मोजा. माझ्या मते या वयात सगळ्यात मोलाचं हेच आहे, आणि ते कळायला वेळ लागतो.

बाकीचं चालता चालता होतं. रांगेत आपल्या पुढे किती जण? एक गेला, आता किती उरले? एका हातात मोठी पण हलकी वस्तू, दुसऱ्या हातात छोटी पण जड वस्तू द्या आणि जास्त जड कुठली ते तिलाच ठरवू द्या. मुलं अगदी चकित होतात! एका फेरीत दोन-तीन प्रश्न पुरे. ती दमलेली किंवा भुकेली असेल, तर तेही नकोत.