तिसरा महिना चालू आहे. जुन्या पँटचं बटण लागत नाही, मॅटर्निटीची ढगळ होते. काय घालू?

आत्ताचा फुगवटा बराचसा गॅसचा असतो. साधारण १२ व्या आठवड्यापर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांआडच असतं, पण प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे आतडी मंदावतात. म्हणूनच सकाळी नीट बसलेली पँट संध्याकाळी काचते.

लगेच खरेदीला धावू नका. केसांचा रबर काजातून ओवा, त्याच्याच फासातून ओढून घ्या आणि मोकळं टोक बटणाला अडकवा. चेन थोडी उघडी राहते, तेव्हा वरचा टॉप लांब हवा. घरी सैल इलॅस्टिक किंवा नाडी उत्तम.

पैसे घालायचेच तर आधी ब्रावर: मऊ, बिनतारेची, नव्याने माप घेऊन. छाती पोटाआधी भरते, दुखतेही. मी हट्टाने जुनीच घालत राहिले, खांद्यांवर वळ उठले.