जुन्या गाडीत वळताना ‘कट-कट’ आवाज येतो, नेमका कुठून?

आधी गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आवाज आला तर तो इंजिनाकडचा. तुमचा मात्र फक्त वळतानाच येतोय, म्हणून गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असेल तर मला सीव्ही जॉइंटचीच, म्हणजे इंजिनाची ताकद वळणाऱ्या चाकापर्यंत पोचवणाऱ्या सांध्याचीच, शंका जास्त. मोकळ्या जागेत काचा खाली करून, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा; एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि कट-कट येते का ते ऐका. मग पुढच्या चाकांमागचं घडीदार रबरी बूट, म्हणजे या जॉइंटवरचं आवरण, बघा. फाटलं असेल तर रिमच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस उडालेलं दिसतं. नुसतं बूट फाटलं असेल तर ते बदलून, नवं ग्रीस भरून भागतं. कट-कट सुरू झाली की बहुधा जॉइंटच बदलावा लागतो. तोवर लांबच्या प्रवासाला कृपया निघू नका.