वाघाच्या हातात मोबाइल आला, तरी गोष्ट जुनीच?

प्रश्न : ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ ही गोष्ट आजच्या काळात आणून लिहिली. वाघाच्या जागी कर्जवसुली करणारा माणूस, भोपळ्याच्या जागी टॅक्सी. वाचणारे म्हणतात, ‘जुनीच गोष्ट आहे, फक्त मोबाइल घातलाय.’ काय चुकलं?

उत्तर : सामान बदललं, सौदा बदलला नाही. मूळ गोष्ट चालते ती म्हातारीच्या एका वायद्यावर : ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा.’ वाघ थांबतो, कारण थांबण्यात त्याचा फायदा आहे. तुमचा वसुलीवाला का थांबतो? लोककथेत हे कुणी विचारत नाही, आजच्या कथेत वाचक पहिल्याच पानावर विचारतो. म्हणून म्हातारीला म्हणू द्या, ‘लेकीकडून पैसे आणते, मग हप्ता कशाला, सगळेच एकदम घ्या.’ हाव जागी झाली की तो थांबणारच.

आता भोपळा. टॅक्सी म्हातारीला नुसती वाहून नेते. भोपळा तिला लपवतो आणि आतून तिच्याच आवाजात ‘म्हातारी? मला नाही ठाऊक’ असं सांगतो. ही दोन्ही कामं आज काय करेल? लेकीच्या नावावरचं सिमकार्ड. वसुलीवाला फोन लावतो, पलीकडून म्हातारीच बोलते, ‘कोण आजी? हा नंबर त्यांचा नाही.’ मागे कुकरची शिट्टी. ती त्यानं आधीच्या फोनवरही ऐकली होती, हे त्याला आठवतं की नाही, यावर शेवट ठरवा.

प्राण्यांच्या भेटी तिन्ही सारख्या लांबीच्या लिहू नका. तोंडी सांगताना पुनरुक्तीवर मुलं ताल धरतात, छापील पानावर तिसऱ्यांदा डोळे ओळी गाळतात. दीड हजार शब्दांची कथा असेल तर पहिली भेट साडेतीनशे शब्दांत पूर्ण संवादासह, दुसरी शंभरात; तिसरीला नुसता मिस्ड कॉल पुरतो. ‘टुणुक टुणुक’ मात्र कथेत कुठेही आणू नका. ते आलं की वाचक बालवाडीत जाऊन बसतो.

प्रश्न : लोककथा वापरायला परवानगी लागते का?

उत्तर : तोंडोतोंडी आलेल्या कथाबीजावर कुणाचा हक्क नाही. पण एखाद्या लेखकानं ती आपल्या शब्दांत लिहिली असेल, तर ते शब्द आणि त्यानं स्वतः घातलेले प्रसंग त्याचे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. म्हणून एकाच पुस्तकावर विसंबू नका, दोन-तीन पाठ, म्हणजे त्याच कथेची वेगवेगळी रूपं, शेजारी ठेवून वाचा. जे सगळ्यांत आहे ते बिनधास्त घ्या. एकाच पाठात सापडणारा सुंदर तपशील बहुधा त्या लेखकाचा असतो, आणि मोह नेमका त्याचाच होतो.