०.२ ओहमची कॉइल घरी वळायची आहे, नवशिक्याने काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की सिगारेट सोडायची म्हणून मित्राने दुबईहून आणलेलं पितळी नळीचं मॉड, म्हणजे ई-सिगारेटचं बॅटरी घालायचं धड, घेतलं, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून दोन सेल काढून ठेवलेत, कँथल ही तापवायची वायरही आणलीय, आणि आता ०.२ ओहमची कॉइल, म्हणजे तापून वाफ करणारी तारेची गुंडाळी, वळायची आहे. मी पुण्यात तापकीर गल्लीजवळ बॅटरी पॅक दुरुस्त करतो. प्रश्न वाचल्यावर कॉइलपेक्षा त्या दोन सेलचीच काळजी वाटली, म्हणून दुकान बंद करून लगेच लिहायला बसलो.

ते सेल आधी बाजूला ठेवा. अशा सेलना १८६५० म्हणतात, पण ते फक्त मापाचं नाव आहे, १८ मि.मी. जाडी आणि ६५ मि.मी. लांबी. एकाच मापाच्या दोन सेलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. लॅपटॉपचे सेल तासन्‌तास थोडा थोडा करंट देण्यासाठी बनवलेले असतात, सलग ५ ते १० अँपिअर म्हणजे त्यांच्यासाठी डोक्यावरून पाणी. आता शाळेतला ओहमचा नियम लावा. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा, भागिले ०.२ ओहम, म्हणजे २१ अँपिअर. सॅमसंगचा २५आर हा जास्त करंटसाठी नावाजलेला सेल आहे, त्याचीही सलग मर्यादा २० अँपिअर. म्हणजे असा नावाजलेला सेल घालूनही तुम्ही पहिल्याच दिवशी मर्यादा ओलांडणार. ०.५ ओहमला हाच हिशोब ८.४ अँपिअरवर येतो. वर ९८०० एमएएच (सेलच्या क्षमतेचं माप) छापलेले सेल ऑनलाइन दिसले तर हातही लावू नका. या मापात एवढी क्षमता मावतच नाही, आणि जो क्षमतेबद्दल खोटं छापतो तो अँपिअरबद्दल खरं छापेल असं मला वाटत नाही.

आता खरी मेख. तुमची कॉइल ०.२ ओहमची आहे हे तुम्हाला कळणार कसं? मल्टिमीटरने, असं म्हणाल. घरातलं मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा आणि नुसती दोन टोकं एकमेकांना टेकवा. माझं दुकानातलं ०.३ दाखवतं. हा वायरींचा स्वतःचा रोध. तो वजा केला तरी आकडा ०.१ च्या टप्प्यानेच बदलतो. पडद्यावरचं ०.२ प्रत्यक्षात ०.१ असेल तर करंट ४२ अँपिअर, ०.३ असेल तर १४. जिथे चूक करायला जागा नाही, तिथेच साधं मल्टिमीटर आंधळं होतं. मला एवढा कमी रोध मोजायचा असेल तेव्हा मी बेंच सप्लायवरून (करंट ठरवून देता येणारं दुकानातलं यंत्र) त्यातून नेमका १ अँपिअर सोडतो आणि कॉइलच्या दोन पायांवर वेगळ्या वायरींनी मिलिव्होल्ट बघतो. २०० मिलिव्होल्ट आले की ०.२ ओहम. ही सोय नसेल तर इतक्या खाली जाऊच नये.

वायरचीही एक गंमत आहे, ती फार जणांना माहीत नसते. परदेशी कोष्टकं अमेरिकन गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) असतात आणि आपल्याकडच्या दुकानात बहुतेक वेळा ब्रिटिश गेजची वायर मिळते. अमेरिकन २६ गेज म्हणजे साधारण ०.४० मि.मी., ब्रिटिश २६ गेज म्हणजे ०.४६. कँथलमध्ये पहिलीचा रोध मीटरला अकरा ओहमच्या वर, दुसरीचा नऊच्या आत. तेवढेच वेढे, तेवढीच लांबी, तरी कॉइल वीस टक्क्यांहून जास्त खाली उतरते. कँथलऐवजी नायक्रोम ही दुसऱ्या मिश्रधातूची वायर निघाली तर अजून खाली. म्हणून रिळावरचा नंबर सोडा, मायक्रोमीटरने जाडी बघा.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा असाच एक सेल घेऊन आला होता. प्लसच्या टोकाजवळ हिरवं प्लॅस्टिक नखाएवढं फाटलं होतं. मी त्याला भिंगातून दाखवलं: मधलं बटणासारखं टोक प्लस, आणि त्याच्या कडेने खाली उतरणारा सगळा पत्रा मायनस. दोघांत अंतर एखाद-दोन मिलिमीटरचं, मध्ये फक्त ते पातळ आवरण आणि एक कागदी चकती. पितळी नळीत हा सेल सरकवला की फाटलेल्या जागी नळीच शॉर्ट करते, कॉइल कितीही नीट वळलेली असो. त्याच्या मांडीवर रुपयाएवढा जुना भाजल्याचा डाग होता. सेल किल्ल्यांबरोबर खिशात ठेवला होता, बस.

तुमच्या मॉडमध्ये सर्किटच नाही. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो, मध्ये अडवणारं कोणी नाही. कॉइलचा पाय टोपणाला टेकला, बटण अडकलं, तरी ते मुकाट करंट देत राहणार. सेल तापत तापत एका टप्प्यानंतर स्वतःच स्वतःला तापवतो, मग तो थांबवता येत नाही, आणि बंद नळीत वायूला वाट मिळाली नाही तर नळीच फुटते. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये उपकरण फुटून माणसं दगावली आहेत. तोंडाशी धरायची वस्तू आहे ही.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं बंद आहे, आणि बनवणं यात तिचा सुटा भाग तयार करणं, जोडणंही येतं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे मी कोणालाही कॉइल वळून देत नाही, आणि तुम्हीही वळू नका असंच माझं म्हणणं आहे. वर एवढा हिशोब अशासाठी मांडला की नुसतं ‘नको’ म्हटलं की माणूस ऐकत नाही, हे मी काउंटरवर रोज बघतो.

सिगारेट सोडायची आहे हे तुम्ही लिहिलंय, ते मला फार आवडलं. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारचा मोफत फोन आहे, आणि २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. आधी हे करून बघा, मनापासून सांगतो.

राहिले ते दोन सेल. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना ते पेटतात आणि गाडीवरच्या माणसांचा जीव जाऊ शकतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, एकेक सेल वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत घाला आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. पीएमपीच्या बसने नेणार असाल तर डबी पिशवीत ठेवा, खिशात नको.