आकडे खोटे की मुलगी?

शाळांत मुलांच्या अभ्यासातल्या अडचणींबद्दल मी पालकांशी आणि टीचरांशी बोलते. पहिली चाचणी झाली की पालक माझ्यासमोर मोबाइल धरतात. शाळेच्या गणिताच्या ॲपवर मुलाच्या नावापुढे लाल ठिपका आणि खाली दोन शब्द, 'सहभाग कमी'. पाठोपाठ प्रश्न ठरलेला: "मॅडम, अभ्यास करते म्हणते. मग आकडे खोटे की मुलगी?" हे इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की एकदा नीट उत्तर लिहायलाच हवं. त्यासाठी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या सहावीतल्या एका मुलीबद्दल सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

आई कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला. घरात स्मार्टफोन एकच, तोही तिच्याबरोबर कामावर जाणारा. ती म्हणाली, "रात्री पावणेअकराला ॲप उघडते नि दहा मिनिटांत मिटते. वीस गणितं दहा मिनिटांत होतात का? नुसती बोटं फिरवते." मुलगी खुर्चीच्या टोकावर बसून नखं कुरतडत होती. विचारलं तर कोंकणीत एवढंच, "हांव करतां." मी करते.

रात्रीच्या वेळेचा उलगडा तिथेच झाला. फोन घरी येतोच साडेदहाला. ॲपला मात्र 'उशिरा केलं' एवढंच कळतं. दहा मिनिटांचं कोडं उरलं. त्यासाठी आईच्या परवानगीने टीचरकडून प्रश्नवार नोंद मागवली. बहुतेक जण पहिल्या पडद्यावरची सरासरी बघून थांबतात. मुलाच्या नावावर टिचकी मारली की कुठल्या प्रश्नाला किती सेकंद लागले, कितव्या प्रयत्नात जमलं, मदतीचं बटण दाबलं का, हे सगळं उलगडतं. वीसपैकी बारा साधी गणितं होती, आठ शाब्दिक. साध्या गणितांना ती सरासरी पाऊण मिनिट घेत होती आणि बारातली अकरा बरोबर. शाब्दिक गणितांना चार ते सहा सेकंद, आठातलं एक बरोबर. मदतीचं बटण तीन आठवड्यांत एकदाही दाबलेलं नाही.

चार ओळींचा इंग्रजी प्रश्न सहा सेकंदांत वाचून होत नाही. ती तो वाचतच नव्हती.

पुढच्या भेटीत मोबाइल बाजूला ठेवला आणि त्यातलाच एक प्रश्न कागदावर लिहून दिला. सहलीची बस सुटायला 'ॲट लीस्ट' तीस मुलं हवीत, चोवीस आली आहेत, अजून किती हवीत? ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मी घाई केली नाही. मग तिने एका शब्दावर बोट ठेवलं.

"ॲट लीस्ट म्हणजे शेवटचा ना, मॅडम?"

'लीस्ट' आणि 'लास्ट'. मी म्हटलं, "नाही बाय. निदान तीस तरी हवीत, असं." पेन्सिल लगेच हलली. सहा.

"टीचरना का नाही विचारलंस?"

"टीचर समजलं का विचारतात तेव्हा सगळे हो म्हणतात."

"आणि ते मदतीचं बटण?"

"ते दाबलं की एक तारा जातो. टीचरना दिसतं."

आईने हातातला मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही, आणि मीही ती शांतता मोडली नाही.

इथे आकडे खोटे नव्हते आणि मुलगीही खोटी नव्हती. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतलं मूल चौथीपर्यंत मराठीतून शिकतं आणि पाचवीला बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजी माध्यमात जातं. गणित तेच असतं, पण त्याच्या दारावरची पाटी बदलते. ॲपने ज्याला 'सहभाग कमी' म्हटलं ती लाज होती. कुठे अडलं हे नोंदीतून कळलं. का अडलं, ते तिच्याच तोंडून ऐकावं लागलं. मानसशास्त्रज्ञ राइनहार्ड पेक्रुन यांनी २००६ मध्ये शिकतानाच्या भावनांबद्दल जी मांडणी केली, तिच्यावर माझा भरवसा आहे. मुलाच्या मनात दोन प्रश्न असतात: हे मला जमेल का, आणि याने मला काय फरक पडतो? फरक खूप पडतो पण जमेल याची खात्री नाही, तिथे धास्ती. कंटाळा तर दोन्ही टोकांना येतो, फार सोपं असलं तरी आणि फार अवघड असलं तरी. त्यामुळे कंटाळलेलं मूल दिसलं की 'लक्ष नाही' हा निकाल लगेच देऊ नका.

टीचरबरोबर दोन बैठका झाल्या. त्यांची अडचणही खरी होती: एका तासात पंचेचाळीस चेहरे. त्यांना सांगितलं, सरासरी सोडा. वेळ आणि उत्तर शेजारी-शेजारी ठेवा. पटकन आणि चूक म्हणजे बहुधा अंदाजपंचे. सावकाश आणि चूक म्हणजे मूल अडकलंय, आधी त्याच्याकडे जा. सावकाश पण बरोबर असेल तर त्याला हात लावू नका, ते शिकतंय. पटकन आणि बरोबर म्हणजे एकतर फार सोपं, नाहीतर उत्तर दुसऱ्याचं. साधी आणि शाब्दिक गणितं वेगळी करून बघा, हे मी आता प्रत्येक शाळेत पहिलं सांगते. तुलना करायची ती मुलाची त्याच्याच मागच्या तीन-चार आठवड्यांशी. एकाच आठवड्यावरून काही ठरवू नका. गणेश चवथीच्या आधी किंवा पावसात वीज गेली की सगळ्यांचेच आकडे पडतात.

लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांची पद्धत अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००७ पासून वापरली. दिवा बघून शिक्षकाने विद्यार्थ्याशी वेळेत संपर्क साधावा, ही त्यातली अपेक्षा. आपल्याकडे तोच दिवा थेट पालकांच्या मोबाइलवर पोचतो आणि घरात त्याचा शेरा होतो.

मुलांच्या भावना कळायला ॲपची गरजच नाही. आठवड्यातून दोनदा, तासाच्या शेवटी दोन मिनिटं, वहीच्या पानाचा चतकोर. तीनच प्रश्न: आज कुठे अडलं? किती जमलं, १ ते ४? मी तुझ्याशी बोलू का, हो की नको? आकडे चारच ठेवा. पाच ठेवले की मुलं मधला तीन निवडून मोकळी होतात. नावाऐवजी हजेरी क्रमांक. चिठ्ठ्या वर्गात वाचायच्या नाहीत, पडद्यावर तर मुळीच दाखवायच्या नाहीत. एका वर्गात हसरे-रडके चेहरे नावासकट पडद्यावर लावले होते, दुसऱ्या दिवसापासून सगळे हसरे. आणि 'हो' लिहिलेल्या मुलाशी दोन दिवसांत बोला, नाहीतर पुढच्या वेळी ते 'नको' लिहील. बोलताना "लाल का?" असं विचारू नका. "शाब्दिक गणितं आली की तू पटकन पुढे जातेस असं दिसलं, तिथे काय होतं?" एवढं पुरतं.

कॅमेऱ्याने चेहरा बघून भावना ओळखणारी साधनं शाळांना विकायला येतात. माझा त्यांना ठाम विरोध आहे. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ च्या आढाव्यात दाखवलं की नुसत्या चेहऱ्यावरून मनातली भावना खात्रीने सांगता येत नाही. युरोपीय संघाने तर फेब्रुवारी २०२५ पासून वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून शाळांत अशा यंत्रांवर बंदीच घातली.

मूल दोन आठवडे नीट झोपत नसेल, जेवत नसेल, शाळेच्या नावाने पोटात दुखत असेल, तर ॲप मिटा आणि माणूस गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर दोन आठवडे नव्हे, दोन तासही थांबू नका. टेलिमानस, १४४१६, हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे.

या मुलीसाठी तीन गोष्टी केल्या. स्वाध्यायाची मुदत रविवार रात्रीपर्यंत नेली. मदतीचं बटण दाबल्यावर तारा जायचा, तो बंद केला. ती सोय शिक्षकांच्या सेटिंगमध्ये होती. आणि फळ्याच्या कडेला पंधरा शब्द मराठी अर्थासकट लिहिले: 'ईच', 'रिमेनिंग', 'ऑल्टुगेदर', 'ॲट लीस्ट'. ते वर्गातल्या इतरही बऱ्याच जणांनी उतरवून घेतले.

सहा आठवड्यांनी शाब्दिक गणितांना ती मिनिटाच्या वर वेळ घेत होती. आठातली चार बरोबर, ठिपका पिवळा. टीचरनी तिची चिठ्ठी दाखवली. कुठे अडलं: 'पाचवं, ॲट मोस्ट'. किती जमलं: ३. बोलू का, याच्यापुढे आधी 'नको' लिहून खोडलं होतं, आणि शेजारी 'हो'.