आधी दोन चांगले स्पीकर, मग सबवूफर

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून मिरजेत राहतो. संगणकावर शास्त्रीय गायनाची ध्वनिमुद्रणे ऐकणे हा माझा रोजचा परिपाठ आहे. त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांपासून अलीकडच्या मैफलींपर्यंत सर्व काही असते. सुट्टीत नातू आला की त्याच संगणकावर चित्रपट पाहतो आणि गेम खेळतो. खोली १० फूट रुंद व १२ फूट लांब आहे आणि आमच्या खाली-वर बिऱ्हाडे आहेत. दुकानदार सबवूफर (केवळ खालच्या स्वरांसाठीचा वेगळा स्पीकर) असलेला २.१ संच, म्हणजे दोन लहान स्पीकर व एक सबवूफर, घ्या म्हणतो. त्याच्या खोक्यावर '२००० वॅट पीएमपीओ' असे छापले आहे. तेवढ्याच किमतीत ४ इंची वूफर (खालच्या स्वरांचा मोठा शंकू) असलेली स्पीकरची जोडी मिळते, पण तिच्यावर केवळ '४० वॅट आरएमएस' असे लिहिले आहे. काय घ्यावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण जोडीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे थोडी विस्ताराने सांगतो, कारण खोक्यावरच्या आकड्याने चांगल्या जाणत्या श्रोत्याचीही फसगत होते.

पीएमपीओ या मापाला सर्वमान्य असे कोणतेही प्रमाण नाही. अँप्लिफायर क्षणभरासाठी देऊ शकेल अशा काल्पनिक कमाल शक्तीचा तो आकडा असतो आणि उत्पादक तो हवा तेवढा फुगवू शकतो. अँप्लिफायर अखंडपणे किती शक्ती देतो हे आरएमएस आकड्यावरून कळते. तो लिहिलेला नसेल तर संचाच्या ॲडॅप्टरवरचे लेबल वाचावे. तेथे १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असे असेल, तर संचाला एकूण २४ वॅटच वीज मिळते, आणि तिच्यातलाही काही भाग उष्णतेत जातो. मग खोक्यावर २००० लिहिलेले असो की ५०००, सलग आवाजासाठी त्याहून अधिक शक्ती येणार कोठून? शिवाय आपल्याला एवढी शक्ती लागतही नाही. साधारण स्पीकर १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो आणि टेबलापाशी आपण त्याहूनही जवळ बसतो. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट वॅट लागतात. त्यामुळे ४० वॅट आपल्या खोलीला पुरून उरतील.

याहून महत्त्वाचा मुद्दा सबवूफरच्या कामाचा आहे. ८० हर्ट्झच्या (सेकंदाला ८० कंपनांच्या) खालचा नाद कोणत्या दिशेने येतो हे आपल्या कानाला सहसा ओळखता येत नाही. म्हणूनच सबवूफर एकच असून चालतो आणि तो नजरेआड ठेवता येतो. परंतु स्वस्त २.१ संचांत बाजूचे दोन स्पीकर इतके लहान असतात की त्यांना १५० ते २०० हर्ट्झच्या खालचे स्वर नीट काढताच येत नाहीत, आणि ते सारे काम टेबलाखालच्या खोक्याकडे सोपवावे लागते. पुरुष गायकाच्या मंद्र सप्तकाचे मूळ नाद याच पट्ट्यात येतात. परिणामी गायकाचा आवाज दुभंगतो : शब्द आणि ताना समोरून येतात, तर स्वराचे वजन पायाशी कोठेतरी घुमत राहते. ख्याल ऐकणाऱ्याला ही गोष्ट काही दिवसांतच खुपू लागते. चांगल्या बनावटीची ४ इंची वूफरची जोडी साधारण ६० ते ७० हर्ट्झपर्यंत खाली जाते, म्हणजे गायकाचा संपूर्ण आवाज एकाच ठिकाणाहून ऐकू येतो.

आपण मिरजेचे, म्हणून तंबोऱ्याचेच उदाहरण घेतो. काळी एक पट्टीत जोडाच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर लागतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. म्हणजे खर्जाच्या तारेचा केवळ मूळ नाद सबवूफरच्या हद्दीत येतो. ज्या जवारीसाठी, म्हणजे तारेच्या झंकारासाठी, आपल्या गावचे कारागीर घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) इतकी मेहनत घेतात, ती वरच्या असंख्य उपस्वरांमध्ये, म्हणजे मूळ नादाच्या पटींत उमटणाऱ्या नादांमध्ये, असते. घोडीच्या रुंद, किंचित गोलसर पाठीमुळे हे उपस्वर कसे जागे होतात, याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास प्रसिद्ध केला होता. शिवाय मूळ नाद क्षीण असला, तरी उपस्वर शुद्ध पोहोचले की आपला कान त्यांच्या परस्पर अंतरावरून मूळ स्वर जुळवून घेतो. म्हणूनच छोट्या रेडिओवरही खर्ज ओळखू येतो. त्याचा भरदारपणा मात्र तेथे मिळत नाही. तेव्हा तंबोरा चांगला ऐकू यावा यासाठी मधल्या आणि वरच्या पट्टीतील स्वच्छपणा आधी हवा. डग्ग्याच्या घुमाऱ्याला खालची पट्टी अधिक लागते, हे खरे. तोही बराचसा आपल्या जोडीच्या आवाक्यात येतो.

खाँसाहेबांच्या सुरुवातीच्या तबकड्यांबाबत तर सबवूफर अपायच करील. विजेवर चालणाऱ्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण १९२५ पासून होऊ लागले. त्यापूर्वी गायक भोंग्यात गात असे आणि अगदी खालचे व वरचे स्वर तबकडीवर जवळजवळ उतरतच नसत. अशा मुद्रणात तळाशी जे असते ती यंत्राची घरघर, आणि सबवूफर तीच इमानाने मोठी करतो.

दुकानात ऐकायला जाताना स्वतःची तीन-चार ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत : एक नुसता तंबोरा, एक पुरुष व एक स्त्री गायिकेचा विलंबित ख्याल आणि एक तबल्याचे एकलवादन. दोन संचांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण जो संच किंचित मोठ्याने वाजतो तोच आपल्याला सरस वाटतो. '२० ते २०,००० हर्ट्झ' असे खोक्यावर छापलेले असले तरी त्यावर विसंबू नये. त्याच्यापुढे अधिक-उणे किती डेसिबल, म्हणजे त्या पट्टीत आवाज किती वर-खाली होतो, हे लिहिलेले नसेल तर त्या विधानाला अर्थ नाही.

घरी आणल्यावर दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण होईल असे बसावे आणि स्पीकरचा वरचा, लहान शंकू, म्हणजे ट्वीटर, कानाच्या पातळीत आणावा. त्यासाठी खाली दोन विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवले तरी चालतात. स्पीकर भिंतीला चिकटवल्यास खालची पट्टी फुगते, कोपऱ्यात तर फारच. म्हणून थोडी जागा सोडावी, विशेषतः हवेचे छिद्र मागच्या बाजूला असेल तर. या अर्ध्या तासाच्या खटपटीने जो फरक पडतो, तो पुष्कळदा दुप्पट किमतीच्या स्पीकरनेही पडत नाही.

राहिला नातवाचा प्रश्न. स्फोटांचा आणि गडगडाटाचा दणका ४ इंची स्पीकर देणार नाही. म्हणून जोडी निवडतानाच तिच्या मागे सबवूफरसाठी वेगळे आउटपुट आहे ना, हे पाहून ठेवावे. पुढेमागे स्वतंत्र सबवूफर जोडता येईल. तो आणलाच, तर आपल्या खोलीच्या मापांमुळे सुमारे ४७ आणि ५६ हर्ट्झचे नाद भिंतींमध्ये अडकून अकारण घुमतील, हे लक्षात असू द्यावे. त्यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे. सबवूफर तात्पुरता आपल्या खुर्चीच्या जागी ठेवावा, मंद्रातील ओळखीचे वादन लावावे आणि जमिनीलगत कान नेत खोलीभर फिरावे. जेथे प्रत्येक स्वर सारख्याच वजनाचा ऐकू येतो, तेथे सबवूफर ठेवावा. हे काम नातवावर सोपवावे. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे नाद सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावा आणि आवाज इतपतच की, सबवूफर बंद केल्यावर त्याची उणीव जाणवावी, पण चालू असताना तो आहे हे लक्षात येऊ नये.

शेजाऱ्यांचा विचार आपण केला आहे, तो योग्यच आहे. खालच्या पट्टीतील नाद भिंत आणि स्लॅब सहज ओलांडतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्या वेळेत सबवूफर बंदच ठेवावा. हळू आवाजात कानाला खालची पट्टी मुळातच कमी ऐकू येते, म्हणून रात्री ती वाढवण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि नातवाला हेडफोन द्यावा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून सतत गुणगुण ऐकू येते. स्पीकर बदलावेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घाई करू नये. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा; गुणगुण थांबली तर स्पीकर निर्दोष आहेत. लॅपटॉप आणि स्पीकर यांना दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंग मिळत असल्यामुळे तारेतून ५० हर्ट्झचा विद्युतप्रवाह फिरतो आणि तोच स्पीकरमध्ये ऐकू येतो. प्रथम दोघांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावावेत. तेवढ्याने न भागल्यास ऑडिओ केबलच्या मध्ये जोडण्याचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात व ते संगीत पुढे जाऊ देऊन हा फिरता प्रवाह तोडतात. काहीजण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देतात. त्याने गुणगुण थांबते, परंतु यंत्रात बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या भागात वीज उतरून जिवावर बेतू शकते, म्हणून तो सल्ला कोणीही दिला तरी कृपया मानू नये.