वाचकांचे प्रश्न: टीव्हीवरचा नवा हवामान नकाशा आणि आपलं कोकण

प्रश्न: ताई, आमच्याकडे वेंगुर्ल्यात संध्याकाळच्या बातम्या संपल्या की हवामान सगळं घर बघतं. आता चॅनेलने सगळं बदललंय, नकाशा तिरका झालाय, गरागरा फिरतो, डोंगर वर आलेत, ढग पळतात, पाऊस खराच पडतोय असं वाटतं. दिसायला भारी आहे पण मी वेंगुर्ला शोधेपर्यंत नकाशा विदर्भात पोचलेला असतो. मुलगा म्हणतो आई तुला नवीन काही आवडतच नाही. माझंच चुकतंय का?

उत्तर: अजिबात नाही. तुमची तक्रार नवेपणाबद्दल नाहीच, वेंगुर्ला सापडत नाही ही आहे आणि ती रास्त आहे. याच विषयावर बरीच पत्रं आलीत म्हणून यावेळचं अख्खं सदर यालाच दिलंय.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. २००५ च्या मे महिन्यात बीबीसीने आपला हवामान नकाशा असाच बदलला, १९७० च्या दशकापासून लोकांच्या सवयीची झालेली ढगाची नि थेंबांची साधी चिन्हं काढली, जमीन तपकिरी केली आणि नकाशा असा तिरका ठेवला की इंग्लंडचा दक्षिण भाग जवळ नि मोठा, आणि स्कॉटलंड लांब जाऊन एवढंसं. हजारो तक्रारी आल्या, स्कॉटलंडचे लोक तर फारच चिडले, आणि शेवटी बीबीसीला तो तिरकेपणा कमी करावा लागला. म्हणजे प्रेक्षक बोलले तर फरक पडतो.

कोकणाचं तर याहून अवघड आहे. आपली पट्टी उभी नि अरुंद, समुद्र ते घाट बऱ्याच ठिकाणी जेमतेम ५० किलोमीटर. त्यात असल्या नकाशात डोंगराची उंची मुद्दाम वाढवून दाखवतात, कारण खऱ्या प्रमाणात कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच, शेकडो किलोमीटरच्या नकाशावर ती दिसणारच नाही. मग नकाशा घाटापलीकडच्या देशाकडून समुद्राकडे बघत फिरला की फुगवलेला सह्याद्री पुढे येतो आणि त्याच्यामागे आख्खी रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाकली जाते. हवामानाचा नकाशा बघणाऱ्याला पहिल्यांदा आपलं गाव सापडलं पाहिजे, बाकी सगळं नंतर, हे माझं ठाम मत आहे. चॅनेलला लिहाच, पण "जुनं बरं होतं" एवढंच लिहू नका, त्याने काही होत नाही. कोकणासाठी नकाशा सरळ वरून दाखवा, तो थोडा वेळ हलवू नका आणि तालुक्यांची नावं टाका, असं नेमकं लिहा.

प्रश्न: आमच्या देवगडला परवा ऑरेंज अलर्ट होता, टीव्हीवर पूर्ण सिंधुदुर्ग नारिंगी आणि त्यावर धो धो पाऊस पडताना दाखवला, इथे मात्र ऊन होतं. मग या ग्राफिक्सवर विश्वास ठेवायचा की नाही?

उत्तर: इशाऱ्यावर ठेवायचा, चित्रावर जपून. हवामान खात्याचा रंग जिल्ह्याला असतो आणि तो तयारीबद्दल सांगतो, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. आणि त्या रंगासोबत खात्याचं एक वाक्य असतं, "तुरळक ठिकाणी मुसळधार" वगैरे, तिथेच सगळी मेख आहे. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. मुसळधारची व्याख्याही ठरलेली आहे, २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, त्याच्या पुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. आता आंबोली आणि देवगड एकाच जिल्ह्यात, समुद्रावरून आलेलं बाष्प घाटाला आपटून वर चढतं आणि आंबोलीला कोसळतं, देवगडला त्याच दिवशी ऊन असू शकतं, आणि अंदाज तरी बरोबरच ठरतो!

चूक झाली ती चित्रात. "तुरळक ठिकाणी" हे शब्द गाळून चॅनेलने जिल्हाभर एकसारखा पाऊस पाडला. मला याचा खरंच राग येतो, कारण दोन-तीनदा असं झालं की लोक इशारा ऐकणंच सोडतात, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी कसं चढलं ते आपण पाहिलंय. चॅनेल हे सुधारेपर्यंत एक करा, चित्र बघताना खाली सरकणारी ओळ वाचा, किंवा खात्याचं जिल्ह्याचं पत्रक मोबाईलवर उघडा.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना लाल आणि हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. आधी नकाशावर अक्षरात लिहिलेलं असायचं, आता फक्त रंग. काय करावं?

उत्तर: हा त्रास पुरुषांमध्ये बराच आढळतो, त्यामुळे तुमचं घर एकटं नाही. रंगासोबत "रेड", "ऑरेंज" हा शब्दही लिहायलाच हवा, त्याला खर्च काहीच नाही. चॅनेलला हे कळवाच, मीही लिहिणार आहे.

प्रश्न: ताई, हर्णैहून लिहितेय. भाऊ तांडेल आहे, म्हणजे मासेमारीच्या होडीचा म्होरक्या. नव्या नकाशात वाऱ्याचे बाण गेले, आता नुसता ढग आणि तापमान. आम्हाला तापमान घेऊन काय करायचंय?

उत्तर: बरोबर आहे तुमचं, किनाऱ्यावर वारा आधी नि तापमान शेवटी. वारा दाखवला नाही तर काय होतं त्याचं उदाहरण तुमच्याच तालुक्यात आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ किनाऱ्याला लागलं ते अलिबागच्या जवळ, पण माड-पोफळी आडव्या झाल्या त्या श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत. नकाशावर एक फिरतं भोवऱ्याचं चिन्ह ठेवलं की बघणाऱ्याला वाटतं वादळ तेवढ्याच ठिपक्यात आहे. वारा कुठून कुठपर्यंत नि किती वेगाने, हे पट्ट्याने दाखवलं पाहिजे.

भावासाठी टीव्हीवर अवलंबून राहू नका. हवामान खातं मच्छीमारांसाठी वेगळा इशारा देतं, त्यात वाऱ्याचा वेग नि झोत दोन्ही असतात, आणि तिथे "समुद्रात जाऊ नये" असं असेल तर होडी काढायची नाही. लाटांच्या उंचीचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते. कुठे वेग नॉटमध्ये, म्हणजे समुद्रावरच्या वेगाच्या मापात दिला असेल तर किलोमीटरसाठी दुपटीहून थोडा कमी धरा, २५ नॉट म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. बाण परत आले तर लक्षात ठेवा, नैऋत्येचा वारा म्हणजे नैऋत्येकडून येणारा, बाणाचं टोक मात्र ईशान्येकडे असतं. आणि बंदरात धोक्याचा बावटा चढला असेल तर टीव्हीवर सूर्य हसत असला तरी बावट्याचंच ऐका.